बोटभर माया

त्या दुकानात तिला सगळे उसवण म्हणत. तोंडावर ‘ताई’, आणि पाठ फिरली की उसवण. नाव चपखल होतं. खांद्यावर सुरकुती पडते, बाही फिरते, वजन वाढलं म्हणून बटण लागत नाही, अशी तक्रार घेऊन आलेला प्रत्येक कोट तिच्या टेबलावर यायचा. ती तो आतून उसवायची, चूक असेल तिथे दुरुस्त करायची आणि पुन्हा शिवून द्यायची. जग कोट बाहेरून बघतं, ही आतून बघायची. आणि ज्या बाईने आयुष्य कोटांच्या आतल्या बाजूला काढलं, तिचा माणसांच्या बाहेरच्या बाजूवर विश्वास बसावा तरी कसा? कोणी ‘आज छान दिसताय’ म्हटलं, तरी याला आपल्याकडून काय हवंय, हे ती आधी शोधायची. ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून’ हा लोकांसाठी टोमणा असतो. तिचा तो पोटापाण्याचा धंदा होता.

एका शुक्रवारी दुपारचा चहा संपत आला होता. मास्तर आपल्या जागेवरून उठले. मास्तर म्हणजे त्या दुकानाचे कटर. कापड बेतणं, म्हणजे खडूने आखून ते कातरीने कापणं, हे काम तिथे एकट्या मास्तरांचं. त्यांची मोठी काळी कातर दुसऱ्या कोणी नुसती सरकवली तरी त्यांना चालत नसे. ती कातर त्यांनी उचलली, अख्खी खोली ओलांडून आणली आणि उसवणच्या टेबलावर ठेवली.

“सोमवारपासून बेतकाम तू करायचंस,” ते म्हणाले. “मी थोडे दिवस बघतो आणि मग घरी बसतो.”

मशीनवरचा माणूस थांबला. त्याला सगळे भरधाव म्हणत, कारण त्याचं मशीन आणि त्याचं तोंड एकाच मोटरवर चालत असावं असा सगळ्यांचा अंदाज होता. आज दोन्ही एकदम बंद पडली. पुढच्या काउंटरवर मालकीणबाईंनी मान वर केली. उसवणने कातरीला हातही लावला नाही.

“मला बेतता येत नाही, मास्तर.”

“येईल.”

“अहो, मी आयुष्यात कोऱ्या कापडाला कातर लावलेली नाही.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले आणि कप विसळायला गेले.

दुसरी कोणी असती तर हरखून गेली असती. बेतायच्या टेबलाला मोठी खिडकी होती, दिवसभर एकसारखा उजेड होता आणि मान होता. गिऱ्हाईक त्या टेबलाशी बोलताना आवाज खाली आणायचं. उसवणचं टेबल मागे, वाफेच्या इस्त्रीशेजारी, बेसिनला लागून. त्या खिडकीकडे तिने वर्षानुवर्षं चोरून बघितलं होतं. पण आता खिडकी आपल्या पायांनी चालत आली, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पाणी कुठेतरी मुरतंय.

दुसरा विचार भीतीचा होता, आणि तो तिने कधी कोणाला सांगितलेला नव्हता. दुसऱ्याची चूक समोर असली की तिचा हात झपझप चालायचा. पण कोऱ्या कापडावर कोणाचीच चूक नसते. तिथली पहिली चूक आपणच करायची. नुसत्या या कल्पनेने तिच्या तळहातांना घाम सुटायचा. मागे एकदा मास्तरांनी सहज विचारलंही होतं, “बेतायला शिकतेस का?” तेव्हा तिने सांगितलं होतं, “नको, मला खिडकीतला उजेड सोसत नाही.”

संध्याकाळी दुकान आवरताना भरधाव तिच्या टेबलाशी येऊन रेंगाळला.

“ताई, तुमचं भलं व्हावं म्हणून सांगतो.”

अशी सुरुवात करणाऱ्या माणसापासून ती चार हात लांब राहायची. पण आज तिने ऐकून घेतलं.

“इतकी वर्षं मास्तरांनी कातर कोणाला दिली नाही. मला दिली नाही. मी तर तोंड उघडून मागितली होती. मग आत्ताच का? सोमवारी कोण येतोय माहीत आहे ना? तो कंडक्टर.”

“कुठल्या बसचा?”

“बसचा नाही हो! वाद्यवृंदाचा. पन्नास माणसं जीव तोडून वाजवतात आणि हा त्यांच्यापुढे उभा राहून हात हलवतो, तो. वडिलांनी जपून ठेवलेलं कापड आणतोय. तसं आता कुठे विणतसुद्धा नाहीत. एकच तुकडा. चुकला की गेला. मास्तरांनी ते घोंगडं बरोबर तुमच्या गळ्यात टाकलं. बिघडलं तर नाव कोणाचं? बळीचा बकरा ताई, दुसरं काय!”

भरधावच्या पोटात दुखत होतं, हे तिला दिसत होतं. पण जळणाऱ्या माणसाच्या तोंडूनही कधीकधी खरं निघतं. ती पिशवी घेऊन निघाली, तर काउंटरवर मालकीणबाईंनी थांबवलं.

“मास्तर म्हणतात म्हणून मी हो म्हटलंय. तुमचं उसवणं मला माहीत आहे, बेतणं माहीत नाही. ते कापड बिघडलं तर गिऱ्हाइकासमोर मला कोणाचं तरी नाव घ्यावं लागेल. आणि एकदा नाव घेतलं की तुम्हाला मागच्या टेबलावरही ठेवता येणार नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.”

म्हणजे खिडकी तर नाहीच, असलेलं बेसिनही जाणार. ती घरी पोहोचली तेव्हा तिचा चेहरा बघून नवऱ्याने मुकाट्याने भाजी चिरायला घेतली.

नवरा गाडी शिकवायच्या शाळेत शिकवायला होता. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असायचा, आणि तो दाबायची सवय त्याच्या अंगात इतकी भिनली होती, की घरात दूध उतू जाताना दिसलं तरी आधी त्याचा पाय जमिनीवर दाबला जायचा आणि मग तो उठायचा.

“हे बघा,” ती म्हणाली, “मी आजवर कोणाला बोलले नाही. पण दीडेक वर्ष झालं, मास्तरांचा हात चुकतोय. आधी त्या बँकवाल्याच्या कोटाची बाही फिरलेली. मग त्या शिक्षकांची कॉलर मानेपासून सुटलेली. मग कोणाचा खांदा, कोणाची पुढची बाजू. काल शिकायला लागलेला माणूसही करणार नाही अशा चुका. कोट माझ्याकडे आणून ठेवतात आणि नुसतं म्हणतात, ‘जरा बघ गं.’ मी गुपचूप उसवते, नीट करते, देऊन टाकते.”

“मग चांगलंच केलंस की.”

“काय डोंबल चांगलं! आपला हात गेलाय हे त्यांना कळलंय. म्हणून मोठं काम यायच्या वेळी बरोबर बाजूला होतायत. चूक त्यांची आणि बिल माझ्या नावावर.”

नवरा थोडा वेळ गाजर चिरत राहिला. “माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, गाडी आपणच थांबवतोय,” तो म्हणाला. “निम्म्या वेळा मी थांबवलेली असते.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. गाजर चिरताना सुचलं.”

“आणि त्याला गाडी आली, हे तुम्हाला कधी कळतं?”

“ते सोपं आहे. मी बाजूला बसून पेंगलो आणि तरी दोघं जिवंत परत आलो, तर आली.”

एरवी ती हसली असती. आज तिने गाजराची ताटली ओढून घेतली आणि उरलेली गाजरं स्वतः चिरली, कारण त्याचे तुकडे जाड होत होते.

शनिवारी सकाळी मास्तरांनी आणखी एक कोट तिच्या टेबलावर ठेवला. चष्म्याच्या दुकानवाल्याचा होता, पहिल्या ट्रायलवरून परत आलेला. “जरा बघ गं,” म्हणाले आणि गेले. तिने कोट आपल्याच अंगावर चढवून आरशात पाहिला. पाठीचा भाग मानेखाली आखडला होता, तिथे आडवी घडी पडत होती. पुन्हा चूक. तिने अस्तर सोडवलं आणि शिवण उसवायला घेतली.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस जाड झाला किंवा कटरचा अंदाज हुकला, तर तीच उपयोगी पडते. चांगला कटर बोटभर माया ठेवतो. त्याहून कमी ठेवली तर कोट पुढे दुरुस्त होत नाही. जास्त ठेवली तर आत कापडाचे गोळे होतात आणि बेतणाऱ्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता, हे उसवणाऱ्याला लगेच कळतं.

चष्मेवाल्याच्या कोटाला सगळीकडे बोटभर माया होती. फक्त मानेखाली, जिथे पाठ आखडली होती तिथे, दोन बोटं.

“नशीब, इथे जास्त आहे,” ती सवयीने पुटपुटली. आणि थांबली.

हे वाक्य तिने याआधीही म्हटलं होतं. बँकवाल्याच्या बाहीला म्हटलं होतं. शिक्षकांच्या कॉलरला म्हटलं होतं. खांद्याला, पुढच्या बाजूला, प्रत्येक वेळी. तिची बोटं असल्या गोष्टी विसरत नसत. दर वेळी जिथे चूक तिथेच माया दोन बोटं, आणि बाकी सगळीकडे एक. नशीब इतकं शिस्तीत कधी वागतं का? तिच्या तर कधीच वागलं नव्हतं.

ज्याचा हात खरोखर चुकतो, त्याला कुठे चुकणार हे आधी कसं कळणार? म्हणजे माया आधी ठेवली होती आणि चूक मागाहून केली होती. म्हातारा मुद्दाम चुकत होता.

तिला राग आला, चांगलाच आला. दीड वर्ष आपल्याला शाळेतल्या पोरीसारखी गणितं घातली, आपण ती खाली मान घालून सोडवली, आणि वर त्याच्या हाताची कीव करत राहिलो! काय गरज होती या लपवाछपवीची? यामागे आणखी काय असेल? तिने मनातल्या मनात कोट एकेक करून पुन्हा उसवले. बाही, कॉलर, खांदा, पुढची बाजू, आता पाठ. असा तुकड्यातुकड्यांनी जवळजवळ अख्खा कोट तिच्या हाताखालून गेला होता. राहिला होता तो मुंढा.

मुंढा म्हणजे काखेचं गोल वळण, जिथे बाही कोटाला जोडतात. तिथे दोन बोटं माया ठेवताच येत नाही. वळणावर कापड गोळा होतं आणि काखेत टोचतं. मुंढ्याला अर्धं बोट ठेवायचं, तेही हात आखडून. त्यामुळे तिथे गणितं घालायची सोयच नसते. मुंढा चुकला की चुकला.

आणि तिला डॉक्टरांचा कोट आठवला.

तो कोट मास्तरांनी तिच्याकडे दिला नव्हता. ‘जरा बघ गं’ म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात मास्तर तापाने घरी होते, आणि डॉक्टर स्वतःच तक्रार घेऊन आले होते. डावा हात वर केला की अख्खा कोट वर चढत होता. डावा मुंढा खोल कापला गेला होता. तिने आत बोट घालून बघितलं, तर माया नाहीच. अर्ध्या बोटाचीसुद्धा नाही. त्या दिवशी ती ‘नशीब’ म्हणाली नव्हती. तिने खालच्या दुमडीतून कापड काढलं, काखेत छोटा तिकोनी जोड दिला, खांद्याच्या शिवणीतून कोट वर उचलून घेतला, बाही पूर्ण सोडवली आणि तिचा वरचा गोल नव्याने आखून कातरीने कापला. दुरुस्ती आहे असं समजून कापला, म्हणून घाम आला नाही. डॉक्टरांनी कोट घालून हात वर केला, खाली केला आणि समाधानाने गेले. मास्तर बरे होऊन आल्यावर तिने त्यांना काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला लाजवायचं, असा तिचा विचार होता.

म्हणजे बाकीच्या सगळ्या चुका खोट्या होत्या आणि ही एकच खरी होती.

तिचा राग उतरला आणि तिला वाईट वाटलं. वाद्यवृंदाचा माणूस दिवसभर हात वर करून उभा राहणार, म्हणजे त्याचा कोट मुंढ्यावरच बेतलेला असणार. मास्तरांना आपल्या हाताची भीती वाटत असेल का? पण डॉक्टरांच्या कोटाचं त्यांना ठाऊक कसं असेल? आणि ठाऊक नसेल तर ही घाई कशाची? संशयाचं हे असंच असतं, एक टोक बांधलं की दुसरं सुटतं.

सोमवारी कंडक्टर आला. सडपातळ, अस्वस्थ माणूस, बोलताना बोटांनी हवेत काहीतरी मोजणारा. त्याने कागदात गुंडाळलेलं गडद निळं कापड टेबलावर सोडलं आणि दोनदा उगाच त्याच्यावरून हात फिरवला. मापं तिनेच घेतली. त्या दुकानात गिऱ्हाइकाच्या अंगाचे दोष त्याच्यासमोर उघड बोलत नसत, त्यासाठी मास्तरांनी वेगळे शब्द ठरवले होते. पोट सुटलेलं असेल तर ‘पाहुणा आहे’, वाक असेल तर ‘विचारवंत’, एक खांदा उतरता असेल तर ‘नम्र’. कंडक्टरचा उजवा खांदा वर्षानुवर्षं हात उचलून चढलेला होता. त्याला शब्दच नव्हता.

“उजवा खांदा,” ती अडखळली, “सदा जागा आहे.”

मागे उभे असलेले मास्तर खोकले. त्यांना हसू आलं की तो खोकला होता, हे तिला कळलं नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने कापड पसरलं. मास्तर स्टुलावर बसून खडूला टोक काढत होते.

“तुम्ही मुद्दाम चुकत होतात,” ती कापडाकडे बघत म्हणाली.

“कधी कळलं?”

“परवा.”

“दीड वर्षाने! आणि लोक तुला संशयी म्हणतात.”

“सरळ शिकवायला काय झालं होतं?”

“सरळ विचारलं होतं की. तर तुला उजेड सोसत नव्हता.” मास्तरांनी खडू पुढे केला. “कोरं कापड दिसलं की तुझी छाती दडपते. दुसऱ्याची चूक दिसली की घाबरायचं तुझ्या ध्यानातच राहत नाही. म्हणून चुका आणून दिल्या. आता माझ्याकडच्या संपल्या.”

“आणि हे बिघडलं तर? मालकीणबाई मला काढणार आहेत.”

“माहीत आहे. पण माझ्या हातूनही बिघडलं असतं.”

हे शेवटचं वाक्य ते तिच्याकडे न बघता म्हणाले. तिने तेही मनात उसवून पाहिलं, आणि आत काय आहे ते दिसल्यावर पुढे काही विचारलं नाही.

तिने आखायला सुरुवात केली. पाठ आली, बाजू आली, खांदा आला. उजव्या खांद्याला जास्तीची उंची दिली. हात चालत होता, पण तळहात ओले झाले होते आणि खडूचा चुरा त्यांना चिकटत होता. मुंढ्यापाशी आल्यावर हात थांबला. भरधावचं मशीनही थांबलं.

“तू चालव रे तुझं,” मास्तर म्हणाले. “तुझं मशीन थांबलं की वाटतं कोणीतरी गेलं.”

मशीन पुन्हा सुरू झालं. तिने मुंढ्याची रेघ आखली आणि बाजूला होऊन पाहिली. तिने दोन बोटं माया धरली होती. धरायची नाही हे माहीत असून धरली होती. भीती डोक्याला कळण्याआधी हातात उतरते ती अशी. बेतणं कसलं, हे जिवावर बेतणार, असं तिला वाटलं. मास्तरांना रेघ दिसत होती. पण ते ‘जरा बघ गं’सुद्धा म्हणाले नाहीत.

ती रेघेकडे बघत राहिली. डॉक्टरांच्या मुंढ्याला माया नव्हती. ठेवलेलं गणित नव्हतं, स्टुलावर मास्तर नव्हते. बाजूचा माणूस पेंगला होता, आणि तरी गाडी घरी आली होती. आपल्याला बेतता येतं याचा जगात तिच्याकडे तेवढाच पुरावा होता, आणि तो कोणालाही दाखवायची सोय नव्हती. पण तिने स्वतः तो पाहिला होता, आतून पाहिला होता. आणि आतून पाहिलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसत असे.

तिने तळहात ॲप्रनला पुसले, रेघ झटकून टाकली आणि नवी आखली. अर्धं बोट. मग काळी कातर उचलली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती. पहिल्या चाव्याला कापड थोडं कुरकुरलं आणि मग मुकाट सरकत गेलं. भीती गेली वगैरे काही नाही. ती शेवटपर्यंत कोपराशी बसून होती. पण कातर चालत होती.

ट्रायलच्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही काम काढून खोलीत गर्दी केली. मालकीणबाई टाचण्या मोजत होत्या. भरधाव मशीनला तेल घालत होता, आणि ते त्याने सकाळीच घातलेलं होतं. कंडक्टरने कोट चढवला, आरशात बघितलं आणि विचारलं, “हात उचलू?”

“उचला,” उसवण म्हणाली. तिला आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला.

त्याने दोन्ही हात उचलले. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातांकडे नव्हत्या, कोटाच्या खालच्या कडेकडे होत्या. कड जागची हलली नाही. कॉलर मानेला धरून राहिली. त्याने हात आणखी वर नेले, मग बाजूला, मग डोळे मिटले आणि कोणालाच ऐकू न येणारं काहीतरी चालू केलं. डावीकडे वळून त्याने कोणाला तरी गप्प केलं, उजवीकडे कोणाला तरी उठवलं, आणि त्या निळ्या कोटाने कुठेही त्याचा हात धरून ठेवला नाही.

“चला, बस सुटली,” भरधाव पुटपुटला.

उसवणला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, म्हणून ती टाचण्या वेचायला खाली वाकली. मालकीणबाई जवळ आल्या.

“उद्यापासून तुमचा डबा खिडकीपाशी ठेवत जा,” त्या म्हणाल्या. “चांगलं झालंय.”

आता या बाईला माझ्याकडून काय हवंय, असा विचार तिच्या मनात आलाच. जन्माची खोड अशी एका कोटात थोडीच जाते!

मास्तरांचा शेवटचा दिवस कसलाही गाजावाजा न होता आला. त्यांनी खडूचा डबा तिच्या टेबलावर, म्हणजे खिडकीपाशी ठेवला, टेप गुंडाळून त्यावर ठेवला आणि आपला कोट अंगात घातला. भरधाव घरी गेला होता. मालकीणबाई पुढे फोनवर बोलत होत्या. मास्तर जिन्याच्या दाराशी जाऊन थांबले.

“परवा डॉक्टर भेटले होते,” ते म्हणाले. “म्हणाले, कोट आता झकास बसतो. ‘आता’ म्हणाले.”

ती टेबलावरचं कापड सरळ करत राहिली. “असं?”

“डावा मुंढा होता का?”

“हो.”

“तो मी तुला दिला नव्हता.”

“तुम्ही तापाने घरी होतात. मीच घेतला.”

मग मास्तरांनी विचारलं, आणि तपासणीचा निकाल विचारावा तसा हळू विचारलं, “माया होती?”

लोकांच्या वाक्यांतले टाके मोजण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. धडधडीत खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

“होती की,” ती म्हणाली. “दोन बोटं होती.”

“मुंढ्याला दोन बोटं कोणी ठेवत नाही गं.”

“तुम्ही ठेवली होती.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही. त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली आणि दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

“थांबा, जरा बघू,” ती म्हणाली. तिने जवळ जाऊन बटण सोडवलं, नीट लावलं, आणि कॉलर सारखी करून दिली. मग कठडा धरून मास्तर सावकाश जिना उतरून गेले. खाली दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा तिने खडू उचलला.